रविवारी, पत्र्याखाली

शेठ म्हणाले, कर्नल? कुठल्या पलटणीतला?
मी म्हटलं, शेठ, दाणा. शेंग फोडल्यावर हाती येतो तो.
बाकी सगळं टरफल: खिडक्या, माउसचा बाण,
टॉवेलवरचा तुमचा मोर.
ते म्हणाले, काय सोलायचंय ते सोल,
सोमवारी सकाळी मोर पाहिजे.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. चव्वेचाळीस.
माग बंद असले की या शेडमध्ये
कान दुखायला लागतात.

नवी पेठेतून आणलेलं वायफायचं कार्ड
जुना कर्नल ओळखच दाखवत नव्हता.
म्हणून नवा, मुळापासून, हाताने.
फोनच्या नेटवर तो उतरेपर्यंत
कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपली.
मग त्याचे प्रश्न सुरू.
उपग्रहाची अँटेना आहे का? नाही.
हौशी रेडिओ? नाही.
बोटाने चालणारा पडदा? अहो, नाही.
दोनशेव्या नाहीनंतर
मी आडवाट धरली, एका ओळीची आज्ञा:
आत्ता या घडीला जे चालू आहे तेवढंच ठेव,
बाकीचं गाळ.
मशीनने कोण कोण जागं आहे ते मोजलं.
यादी आखूड झाली. मला बरं वाटलं.

मग सीसी, सीसी, सीसी,
डावीकडे तीच दोन अक्षरं
आणि उजवीकडे नावं पळताहेत,
आई कांड्या भरायची त्या वेगाने.
सिद्राम वॉचमन तीनदा डोकावला.
आयतेनु, ताई?
इन्नू इल्ला.
तीन वीसला लाइट गेली. यूपीएस अकरा मिनिटं टिकला.
साडेपाचला परत आली तेव्हा
तुटला धागा जोडून माग पुढे निघावा तसं
जिथं थांबलं होतं तिथूनच.

रात्री साडेनऊला रीस्टार्ट.
काळा पडदा. पांढऱ्या ओळी. थांबला.
कॅप्स लॉकचा दिवा नुसता उघडझाप करतोय,
बोलता येत नसलेल्या माणसाने
डोळ्यांनी सांगावं तसा.
मी पाणी प्यायले. यादीत खाली जुना कर्नल होता,
निवडला, तो मुकाट्याने उठला.
पायरीच एक चुकली होती,
आतलं दार उघडायच्या किल्ल्या बांधायची.
बांधल्या.
दहा चाळीसला वायफायच्या तीनही काड्या हिरव्या.
रिकाम्या शेडमध्ये मी एकटीने टाळ्या वाजवल्या.
सिद्राम काठी घेऊन धावत आला.

सोमवार, सात वाजता.
कार्ड पाडायचं मशीन बोलेना.
वायर ठीक, वीज ठीक,
पण कॉम्प्युटरच्या लेखी असं मशीन जगात नाहीच.

नान्ना डबा द्यायला आले होते.
सोळा वर्षं त्यांनी हाताने कार्डं पाडली,
अजून उजवा अंगठा पुरता वळत नाही.
त्यांनी विचारलं, मोजणी केलीस तेव्हा हे चालू होतं?
नव्हतं. रविवार होता.
मग ते बाकावर बसले, टोपी काढली.
आमच्या मिलने यादी केली
त्या दिवशी मला टायफॉइड होता, म्हणाले,
आणि डब्याची कडी उगाच उघडली, लावली.

मी मशीन चालू केलं.
जुन्या यादीतून त्याचं नाव शोधलं, हाताने लिहिलं,
पुन्हा सीसी, सीसी, या वेळी थोडंच.
आठ पाचला खटक्. मग खटक् खटक् खटक्,
आणि पहिलं कार्ड बाहेर.

नान्नांनी ते दाराच्या उजेडात धरलं,
अंगठा फिरवला. चौथ्या ओळीत एक भोक कमी आहे.
मी म्हटलं, नान्ना, डिझाइनच तसं आहे.
काही बोलले नाहीत. कार्ड धरून उभे राहिले.
मी फाइल उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली.

मोराचा डोळा राहिला होता.